रकान्याला पाच पौंड

विन्स्टन चर्चिल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिगार आणि दोन बोटांची ती विजयमुद्रा उभी राहते. मला मात्र कुतूहल आहे ते त्यांच्या बाविसाव्या वर्षाचे. तेव्हा ते घोडदळातले एक लेफ्टनंट होते. खिसा सदा रिकामा आणि महत्त्वाकांक्षा मात्र दांडगी!

हे गृहस्थ हिंदुस्थानात उतरले ते आपल्या मुंबईलाच, १८९६ च्या ऑक्टोबरात. ससून डॉकवर होडीतून उतरताना त्यांनी भिंतीतली लोखंडी कडी धरली, तोच लाटेने होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. हे दुखणे जन्मभर पुरले. मग पुण्याच्या माळावर तंबूत दोन दिवस काढून पलटण बंगळूरला गेली. तिथे पोलो होता, पुस्तके होती. लढाई तेवढी नव्हती.

ती पेटली वायव्य सरहद्दीवर. १८९३ साली ड्यूरंडसाहेबांनी पठाणांच्या मुलखातून रेघ ओढली, १८९५ मध्ये चित्रळच्या वाटेवर ठाणी बसली. आपल्या डोंगरात हे परके कशाला, असे पठाणांना वाटले तर नवल काय? २६ जुलै १८९७ च्या रात्री मलाकंदच्या छावणीवर ते तुटून पडले. चर्चिल तेव्हा रजेवर विलायतेत घोड्यांच्या शर्यती पाहत होते. मोहिमेचे सेनापती सर बिंडन ब्लड यांनी त्यांना पूर्वी शब्द दिला होता. पण जागा रिकामी नव्हती. वार्ताहर म्हणून या, असा निरोप आला. बंगळूरहून नौशेरापर्यंत २०२८ मैलांचा आगगाडीचा प्रवास करून स्वारी दाखल झाली.

आईसाहेबांनी लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'शी बोलणी केली होती. दर ठरला रकान्याला पाच पौंड. चिरंजीवांना दहा हवे होते! शिवाय पत्रे छापली गेली ती 'एका तरुण अधिकाऱ्या'ची म्हणून, बिननावाने. ज्याला नावासाठीच मरणाच्या दारात जायचे होते, त्याला हे किती झोंबले असेल! अलाहाबादच्या 'पायोनिअर'ला रोज तारही पाठवायची होती.

१६ सप्टेंबरला मामुंदांच्या खोऱ्यात त्यांना खरी लढाई दिसली. एका उंच गावातून माघार घेताना जखमी ॲडज्युटंटला वाहून नेणारे शिपाई त्याला टाकून पळाले, आणि एका पठाणाने त्याच्यावर तलवार चालवली, ती चर्चिल यांच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी ब्रिगेडची सुमारे दीडशे माणसे मेली वा जखमी झाली. त्यानंतर गावे जाळणे, बुरूज सुरुंगाने उडवणे, विहिरी बुजवणे हे रोजचेच काम झाले. हिवाळा तोंडावर असताना ज्याची विहीर बुजली, धान्य गेले, त्याच्या बायकामुलांनी काय करावे?

याचे उत्तर या वार्ताहराला सुचत नव्हते असे नाही. पुस्तकात त्यांनी गावे जाळण्याचे समर्थन केले. कलकत्त्याजवळच्या दमदमला तयार होणाऱ्या, शरीरात फुटणाऱ्या गोळीची तारीफही केली. मित्राला लिहिताना मात्र आपण इंग्रज फार क्रूर लोक आहोत अशी कबुली दिली, आणि आईला कळवले की ही सारी मोहीम पैशाच्या दृष्टीने बुडीत, नीतीच्या दृष्टीने दुष्ट आणि राजकारणाच्या दृष्टीने घोडचूक आहे. घरच्या पत्राला रकान्याचा दर नसतो, त्याला कोण काय करणार! ते पुस्तक १८९८ च्या मार्चमध्ये निघाले, सेनापती ब्लड यांनाच अर्पण होऊन. मुद्रिते तपासली मावशीच्या यजमानांनी आणि चुका इतक्या राहिल्या की लेखकाने कपाळाला हात लावला. तरी पंतप्रधान सॉल्झबरींनी ते वाचून त्यांना भेटीला बोलावले.

मलाकंदवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबईत लोकमान्य टिळकांना अटक झाली होती. गुन्हा 'केसरी'तल्या लिखाणाचा. मामुंदांच्या लढाईआधी दोनच दिवस, १४ सप्टेंबरला, त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरकार एकच, साल एकच, आणि दोघांच्याही हाती लेखणीच होती.

टिळक सुटले ६ सप्टेंबर १८९८ रोजी. त्याच्या चारच दिवस आधी सुदानात ऑम्डर्मानच्या रणात चर्चिल घोडदळाच्या धडकेत होते. ससून डॉकवर निखळलेल्या खांद्यामुळे हाती तलवारीऐवजी पिस्तूल होते. तिथली हकीकत ते 'मॉर्निंग पोस्ट'ला लिहीत. दर आता रकान्याला पंधरा पौंड झाला होता.