मुकुट गेले, नाग राहिले

इजिप्तच्या फॅरोंचे मुकुट पुतळ्यांवर आणि भिंतींवर जागोजागी दिसतात. उत्तरेचा तांबडा, दक्षिणेचा पांढरा, नंतर आलेला निळा. खरा मुकुट मात्र आजवर एकही हाती लागलेला नाही. कापड, चामडे किंवा वेत अशा नाशवंत जिनसांचे ते असावेत, असा तर्क आहे. मागे राहिले ते त्यांवरचे धातूचे दागिने. त्यांत पहिला मान कपाळावरच्या फणा काढलेल्या नागाचा.

हा नाग म्हणजे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बुटोची देवी वाजेत. राजाच्या वैऱ्यांवर ती आग ओकते, अशी श्रद्धा. ॲबिडोसला सापडलेल्या, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती पट्टीवर डेन राजा शत्रूला झोडपतो आहे आणि त्याच्या कपाळावर हा नाग आहे. पट्टी होती राजाच्या वहाणांना बांधलेली! शिरोभूषणाचा इतका जुना पुरावा पायताणाच्या चिठ्ठीवर मिळावा, ही गंमतच.

सोन्याचा अस्सल नाग मिळाला तो १९२० साली. लाहूनचा सेनुसरेत दुसरा याचा पिरॅमिड चोरांनी केव्हाच धुऊन नेला होता. फ्लिंडर्स पेट्री यांचे मजूर आतला ढिगारा उपसत असताना हा त्यांच्या नजरेस पडला. उंची जेमतेम ६.७ सेंटिमीटर. अंग भरीव सोन्याचे, डोके निळ्याशार लाजवर्दाचे, फण्यात लालसर अकीक बसवलेला. लाजवर्द थेट अफगाणिस्तानातून येई. पण खरे पाहावे ते पाठीमागे: शेपटीला दोन कड्या आहेत. शिरोभूषणावर नाग अडकवायची सोय ती हीच.

तुतनखामेनच्या बाबतीत तर नाग काढूनच ठेवला होता. १९२५ साली हॉवर्ड कार्टर यांनी ममी उघडली, तेव्हा सोन्याची पट्टी डोक्यावर होती, पण तिच्यावरचा नाग डाव्या मांडीपाशी आणि दक्षिणेच्या नेखबेत देवीचे गिधाड उजव्या मांडीपाशी. राजाचे डोके पश्चिमेला होते, म्हणजे उजवी बाजू दक्षिण, डावी उत्तर. दोन्ही देवी आपापल्या दिशेला ठेवलेल्या, असा कार्टर यांचा उलगडा.

पुढे कुशच्या राजांनी इजिप्त जिंकले आणि कपाळावर एकाऐवजी दोन नाग मिरवले. त्यांची सत्ता गेल्यावर, इ.स.पू. ५९३च्या सुमारास, सामतिक दुसरा याने त्यांच्या पुतळ्यांवरची नावे खोडवली. जोडीला दुसरा नागही छिन्नीने उडवला.