वेदोक्त आणि सत्यशोधक : पक्षीय विचारप्रणालींची दोन उगमस्थाने

महाराष्ट्रातील राजकीय पक्षांच्या विचारप्रणालींची चर्चा बहुधा त्यांच्या जाहीरनाम्यांच्या आधारे केली जाते. जाहीरनामा ही पक्षाची अधिकृत संहिता खरी. परंतु ज्या भाषेतून विचार गावापर्यंत पोहोचतो, ती भाषा पुष्कळदा जाहीरनाम्याहून जुनी आणि त्याच्याशी विसंगतही असते. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी हा डोंगराळ तालुका ह्या दृष्टीने लक्षणीय आहे.

आजच्या शाहूवाडीतील विशाळगड आणि मलकापूर हा मुलूख विशाळगडच्या जहागिरीत मोडत असे. पंतप्रतिनिधींच्या ह्या ब्राह्मण घराण्याचे ठाणे मलकापूर येथे होते आणि ती कोल्हापूर दरबाराची मांडलिक जहागीर होती. जहागीरदार, कुलकर्णी आणि ग्रामजोशी ही सत्तेची तीन रूपे येथील कुळवाड्याला एकाच जातीय चेहऱ्याने भेटत. त्यामुळे सत्यशोधकी परिभाषा येथे केवळ वाङ्मयीन अतिशयोक्ती ठरत नाही; ती रोजच्या व्यवहाराचे वर्णन ठरते.

मात्र कोल्हापुरात ब्राह्मणेतर विचाराचे उगम एक नव्हे, दोन आहेत. १८९९ मध्ये सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात छत्रपतींच्या घराण्याचा वेदोक्त संस्कारांवरील अधिकार हा वादविषय होता. ह्या भूमिकेत वेदांचे प्रामाण्य गृहीत आहे. तक्रार आहे ती त्या प्रामाण्याच्या वाटपाविषयी. याउलट, १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या आणि १९११ मध्ये कोल्हापुरात संघटित झालेल्या सत्यशोधक समाजाने ते प्रामाण्यच नाकारले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कार्यात हे दोन्ही प्रवाह शेजारी वाहतात. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा आदेश, १९१३ मधील सत्यशोधक पुरोहितांची शाळा, १९१८ मधील कुलकर्णी वतनांचे उच्चाटन आणि १९२० ची माणगाव परिषद एकीकडे. त्याच १९२० मध्ये निर्माण केलेले क्षात्रजगद्गुरूंचे पीठ दुसरीकडे. शाहूंच्या बाबतीत ह्याला डावपेच म्हणता येईल. त्यांच्यानंतरच्या पक्षांना मात्र ह्या दोहोंतून निवड करणे भाग होते, आणि ती निवड त्यांनी क्वचितच उघडपणे केली.

ब्राह्मणेतर पक्षाचे नेतृत्व भास्करराव जाधव, अण्णासाहेब लठ्ठे यांसारख्या कोल्हापूरच्या प्रशासनातून आलेल्या व्यक्तींकडे होते. जाधव मुंबई प्रांताचे मंत्री झाले. लठ्ठे पुढे काँग्रेसमध्ये जाऊन १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. गावात विचार नेला तो मात्र सत्यशोधक जलशाने. तमाशाच्या घाटातील ह्या प्रयोगात भट, सावकार आणि कुळ ही पात्रे होती. अमूर्त वर्ग नव्हते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९२० मध्ये राजकीय आशयाने वापरलेला ‘बहुजन’ हा शब्दही जातीच्या आणि श्रमाच्या सीमारेषेवर उभा होता.

शेतकरी कामगार पक्षाने ही सीमारेषा ओलांडण्याचा प्रयत्न केला. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसबाहेर पडलेल्या ह्या पक्षाने १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोल्हापूरच्या बिंदू चौकात, माधवराव बागल यांच्या पुढाकाराने, फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. प्रबंध वर्गाची भाषा बोलत होता, पुतळे जातिविरोधाची. दोन्हींना जोडणारे गद्य पक्षाला पुरेसे निर्माण करता आले नाही. जलशातील भट-सावकार प्रबंधात ‘भांडवलदार’ झाला, तेव्हा शोषणाचे आकलन व्यापक झाले. परंतु गावातील मराठा जमीनदाराला स्वतःकडे न पाहण्याची सवडही मिळाली. १९५४ मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात सहकार आणि पंचायत राज्य यांच्याद्वारे ‘बहुजन समाज’ हा विरोधाचा शब्द सत्तेचा शब्द झाला.

ह्या रिकाम्या झालेल्या जागेत वेदोक्ताची परंपरा नव्या रूपाने परतली. तिचे चिन्ह छत्रपती शिवाजी. फुल्यांच्या १८६९ च्या पवाड्यातील शिवाजी शेतकऱ्यांचा राजा आहे. १९६६ नंतर शिवसेनेने उभा केलेला शिवाजी प्रथम मराठी अस्मितेचा आणि नंतर हिंदुत्वाचा. शाहूवाडी मतदारसंघाने २०१४ मध्ये शिवसेनेला, तर २०१९ आणि २०२४ मध्ये जनसुराज्य शक्ती ह्या स्थानिक पक्षाला निवडले. पक्ष बदलले, तरी प्रतिमा समानच राहिली.

१४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या दिवशी पायथ्याच्या गजापुरात मुस्लिमांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. आंदोलनाची हाक संभाजीराजे छत्रपती यांची होती; हल्ल्यानंतर पीडितांना भेटले ते त्यांचेच वडील, काँग्रेसचे खासदार शाहू छत्रपती. हल्ल्याच्या दोषाची निश्चिती हे न्यायालयाचे काम आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथे एकाच वारशाचे दोन अर्थ एकाच घराण्यात, एकाच आठवड्यात दिसतात.

म्हणून ‘फुले-शाहू-आंबेडकर’ ही आज जवळजवळ सर्वच पक्षांच्या व्यासपीठावर उच्चारली जाणारी त्रिपदी वारशाचा पुरावा म्हणून पुरेशी नाही. अधिकाराचे वाटप मागणे आणि अधिकाराचे प्रामाण्य तपासणे ह्या भिन्न कृती आहेत. कोणता पक्ष यांपैकी कोणती कृती करतो, हे त्याच्या नावावरून वा त्याने पुजलेल्या प्रतिमांवरून कळत नाही. गजापूरसारख्या गावात तो कोणाच्या दारी उभा राहतो, त्यावरून कळते.