कुलूपवाल्याचा मुलगा, लोहाराचा मुलगा



रेडिओ उघडला की आत रंगीत पट्ट्यांच्या बारीक नळ्या, छोटे डबे आणि तीन पायांचे काळे मणी दिसतात. ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून आपण झाकण लावून टाकतो. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य फार परिचयाचे आहे. हात तुमचे आणि डोके दुसऱ्याचे, हीच शिकवण त्यामागे असते. ती किती खोटी आहे, हे या वस्तूंच्या इतिहासावरून दिसते.

पट्ट्यांची नळी म्हणजे रेझिस्टर. तो प्रवाहाला आवर घालतो. दोन व्होल्टवर लागणारा एलईडी दिवा नऊ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडला तर जळतो. मध्ये ४७० ओमचा रेझिस्टर घातला की उरलेले सात व्होल्ट तो पेलतो आणि प्रवाह सुमारे १५ मिलीअँपिअरवर राहतो. हा हिशेब १८२७ साली जर्मनीतील गेऑर्ग ओम या शिक्षकाने मांडला. त्याचे वडील एर्लांगेन गावचे कुलूपवाले कारागीर. ते स्वतःच शिकले आणि त्यांनी मुलांना घरी गणित शिकवले. ओमची आरंभी उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कॉप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला.

कपॅसिटर वीज साठवतो. १७४६ साली लायडन येथे मुशेनब्रुकने पाण्याच्या बाटलीत वीज साठवली, तेव्हा तिचा जबर धक्का बसला. मोठा कपॅसिटर बटण बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो, हे नवशिक्याने विसरू नये. दोन धातूंमध्ये काच आहे की गंधक, यावरही साठा अवलंबून असतो, हे मायकेल फॅरडेने १८३७ च्या सुमारास दाखवले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शहाणा झाला. ओम आणि फॅरड ही मापांची नावे या दोघांवरूनच पडली.

डायोड प्रवाहाला एकाच दिशेने वाट देतो. स्फटिकांचा हा गुण जर्मनीत ब्राउनने १८७४ साली नोंदवला. पुढे कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा लहरी टिपण्यासाठी उपयोग केला. पेटंटाची त्यांना हौस नव्हती. मित्रांच्या आग्रहाने अर्ज झाला आणि १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले.

तीन पायांचा ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी प्रथम चालवून दाखवला. शॉकली यांच्यासह त्यांना १९५६ चे नोबेल मिळाले. लहानशा प्रवाहाने मोठ्या प्रवाहाला ताब्यात ठेवायचे, हे त्याचे काम. आज खिशातल्या फोनमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात.

मात्र हे भाग जोडणाऱ्या कितीतरी हातांना त्यांचे काम काय, हे कोणी सांगत नाही. ज्याला आपल्या हातातली वस्तू कळते, त्याला आपल्या श्रमाचे मोलही कळते, आणि ते मागण्याचे बळ येते. म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी जुना रेडिओ उघडून बसली, तर रागावू नका. बॅटरी काढली आहे ना, एवढे पाहा आणि शेजारी बसून तुम्हीही शिका.