राब, खाचर आणि अर्धा किलो माती

गणेशपुरी म्हटलं की आपल्याला नित्यानंदांची समाधी आणि गरम पाण्याची कुंडं आठवतात. आज मात्र आपण कुंडांपासून थोडं बाजूला, तानसा नदीच्या आसपासच्या भातखाचरांत जाणार आहोत. तिथे मातीचा नमुना काढायला येणारा माणूस नक्की काय काढून नेतो, हा आपला विषय.

सरकारी माणसाने शेतात खणून माती पाहणं काही नवं नाही. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणीची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. प्रतवारी करणारा कारकून मातीचा रंग, पोत, खोली बघायचा आणि तिला नऊ प्रतींपैकी एकीत बसवायचा. पहिली प्रत सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. कोकणातल्या भातजमिनीला हे कोष्टक जसंच्या तसं लागू पडेना, म्हणून वेगळे निकष आले. प्रश्न तोच राहिला : सारा किती बसवायचा?

मातीला काय लागतं, याचं उत्तर इथल्या कुणबी, आगरी, वारली शेतकऱ्यांकडे आधीपासून होतं. ते म्हणजे राब. उन्हाळ्यात रोपांच्या तुकड्यावर शेण, त्यावर झाडांचा पालाफांद्या, मग गवत, वर बारीक माती अशी रचना करायची आणि पेटवून द्यायची. पाऊस आला की त्या भाजलेल्या जागेत भात पेरायचं, आणि रोपं वर आली की उपटून खाचरात लावायची.

हा पाला यायचा वरकस जमिनीतून आणि रानातून. १८७८ चा वन कायदा आला, रानं राखीव होऊ लागली, आणि आईनाची फांदी तोडणं हा गुन्हा ठरण्याची वेळ आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या झाल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. जंगलखात्यातल्या अनेकांना राब म्हणजे झाडांची नासाडी वाटे. शेतकऱ्याचं म्हणणं एकच, राब नाही तर रोप नाही.

पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर राबाची माती प्रयोगशाळेत तपासली. त्यांचा निबंध १९१२ चा. नुसत्या राखेने हिशोब पुरा होत नाही, माती तापण्यानेही तिच्यात फरक पडतो, हे त्यातून पुढे आलं. शेतकऱ्याला याचं नवल वाटलं नसतं! आम्हाला हा निबंध मोलाचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. इथे माती बाटलीत गेली ती शेतकऱ्याच्या प्रश्नासाठी. साऱ्याचा त्यात संबंध नव्हता.

आता आजच्या तंत्रज्ञाकडे येऊ. एका हेक्टरवर वरच्या थरातली, म्हणजे साधारण वीतभर खोलीपर्यंतची, माती धरली तर ती वीस लाख किलोंच्या वर भरते. तो नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे खड्डे घेतो, कडेची माती एकसारखी तासून घमेल्यात गोळा करतो, ढीग करून त्याचे चार भाग पाडतो, समोरासमोरचे दोन टाकून देतो, आणि असं करत करत अर्धा किलो उरवतो. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब काढायला त्यातलाही जेमतेम ग्रॅमभर लागतो. काट्याची चूक सुधारता येते. खड्डाच चुकीच्या जागी घेतला असेल तर पुढचं सगळं अचूक असूनही फुकट.

बांध, विहीर, उकिरडा, झाडाची सावली या जागा टाळायच्या, हे पुस्तकात असतंच. इकडे त्यात राबाची भर घालावी लागते. हेक्टरी लावणीला रोपांची जागा साधारण दहा गुंठे. तिथे वर्षानुवर्षं राख मुरलेली, म्हणजे पालाश जास्त, आम्लता कमी. घमेल्यात त्यातले दोन खड्डे मिसळले की कार्डावर जमीन आहे त्याहून श्रीमंत दिसते आणि खाचराला खत कमी सांगितलं जातं.

त्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेने कोरडवाहू भागात दहा हेक्टरांना एक नमुना धरला होता. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. भिवंडीच्या या बाजूला उतारावरच्या एवढ्या जमिनीत मालक किती निघतील, तुम्हीच हिशोब करा. वरचं खाचर मुरमाड, खालचं चिकण, आणि पत्रिका सगळ्यांना एकच.

उन्हाळ्यात नमुना काढला तर राबाचा काळा तुकडा लांबूनही दिसतो. जूनमध्ये एकदा नांगर फिरला की तो कुठे होता ते ओळखू येत नाही. मग विचारावं लागतं, शक्यतो घरातल्या बाईला, कारण रोपं उपटायला बहुधा तीच वाकलेली असते. ती हाताने जागा दाखवते, आणि त्या जागेच्या मातीची पिशवी वेगळी बांधायची असते.