शकुंतला, एस.टी. आणि गाडीची चावी

लग्नाचा वाढदिवस आला की आमच्या यवतमाळची माणसं गाडी काढतात आणि नागपूर नाहीतर अमरावती गाठतात. यंदा आम्ही दोघांनी ठरवलं, गाडी दारातच राहू द्यायची. पायी, ऑटोनं, एस.टी.नं जमेल तेवढं फिरायचं.

याला हल्ली 'कार-फ्री डे' म्हणतात. १९७३ च्या तेलसंकटात नेदरलँड्सच्या सरकारनं रविवारी खाजगी मोटारींवर बंदी घातली होती. लोक मोकळ्या हमरस्त्यांवर सायकली घेऊन उतरले. त्याच वर्षी यवतमाळात गदिमांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं होतं. इथं तेव्हा मोटारी होत्याच किती! बंदी घालायची तरी कोणावर?

पण मोटारी नव्हत्या म्हणून माणसं घरात बसून नव्हती. आमच्याकडे शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरची नॅरोगेज. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन. हेतू साधा : वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर न्यायचा, तिथून मुंबईला आणि पुढं मँचेस्टरला. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली तयार झालेलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून ही लाइन सुटली. मार्ग कंपनीचा, गाडी चालवणार मध्य रेल्वे, असा कारभार पुढं अनेक दशकं चालला.

गाडी कापसासाठी आली खरी, पण तिला आपलंसं केलं ते गोरगरिबांनी. भाडं एस.टी.पेक्षा कितीतरी कमी. वेग बेताचा, त्याची कुणाला फिकीर नव्हती. बाजाराला, दवाखान्यात, सोयरिकीला जाणारी खेड्यापाड्यांतली माणसं तिच्यातून जायची. आणि बाया माहेरी जायच्या.

सकाळी पायी निघून आम्ही आधी तिच्या जुन्या स्टेशनावर गेलो. हिचं माहेर दारव्ह्याकडचं, आमचं लग्न १९९३ चं. कोळशाचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं, म्हणजे नवी नवरी म्हणून ही त्याच्याच धुरात माहेरी गेलेली. २०१६ च्या सुमारास गाडीच बंद झाली. आता तिथं शांतता. ही थोडा वेळ गप्प उभी राहिली, मग म्हणाली, "अहो, शकुंतला होती तवा मी कोणाले विचारत नव्हती. पैसे घेतले की निघाली. आता गाडी दारात आहे, पण चावी तुमच्यापाशी!"

हसत म्हणाली, पण खरंच म्हणाली.

दुपारी एस.टी. पकडून कळंबला गेलो. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली असलेल्या चिंतामणीचं दर्शन घेतलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा पहिला टप्पा याच कळंबपर्यंत झाला आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब गाडी सुरू झाली. आमच्या भागाला पुन्हा रेल्वे दिसली, चांगलं झालं. फक्त ती लहान गावांशी थांबेल का, आणि तिचं तिकीट मजुराला परवडेल का, हे विचारायला हवं.

एस.टी.त हिचं तिकीट अर्धं होतं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना ही सवलत आहे. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले. पण बसमध्ये पाहावं, बाया एकेकट्या, दोघी-दोघी निघालेल्या असतात. कुणी लेकीकडे, कुणी तालुक्याच्या दवाखान्यात.

आम्ही मौज म्हणून एक दिवस गाडी घरी ठेवली. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत रोजच तसा दिवस असतो. इतिहासाच्या पुस्तकात शकुंतला कापसाची गाडी म्हणून नोंदली जाईल, आणि ते खोटं नाही. पण कितीएक बायांना कुणाची परवानगी न मागता घराबाहेर पडायला तिनं शिकवलं, तेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.