एका लॉकची पंधरा वर्षं

मी लिनक्सचे ड्रायव्हर लिहितो. हाताखाली नवी मुलं आली, की त्यांना मी आधी ‘बिग कर्नल लॉक’चा इतिहास सांगतो, कारण आमच्या धंद्यातली सर्वांत महत्त्वाची शिकवण त्यात आहे.

जून १९९६ मध्ये लिनक्स २.० आलं आणि एकाहून अधिक प्रोसेसरच्या यंत्रांवर चालू लागलं. तोवर ड्रायव्हरवाल्याला मुख्य भीती इंटरप्टची. ते क्षणभर बंद ठेवले की बहुतेक भागायचं. आता मात्र दोन प्रोसेसर एकाच ड्रायव्हरमध्ये एकदम शिरणार होते. समजा, उपकरण वापरणाऱ्यांची नोंद ५ आहे. दोघांनी ५ वाचले, एकेक मिळवला, दोघांनीही ६ लिहिले. हवे होते ७. पुढे एकेक जण बाहेर पडताना नोंद वेळेआधीच शून्यावर येते आणि शेवटचा माणूस वापरत असलेली मेमरी मोकळी होते. हीच रेस कंडिशन. ती हजारदा घडत नाही, एकदा घडते; म्हणून चाचणीत निसटते.

त्या वेळचा तोडगा सरळ होता: साऱ्या कर्नलला एकच लॉक, म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसरला आत सोडणारं कुलूप. हाच ‘बिग कर्नल लॉक’. पुढे गाभ्यातल्या भागांना आपापले लॉक मिळाले, पण ड्रायव्हरचं ‘आयओसीटीएल’ (उपकरणाला खास आज्ञा देण्याची वाट) मोठ्या लॉकखालीच चालत राहिलं. ड्रायव्हरच्या फाइलमध्ये त्या लॉकचा उल्लेखही नसे. शिवाय लॉक धरणारं काम झोपी गेलं, की लॉक आपोआप सुटायचा. त्यामुळे तो नेमकं काय राखतोय, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

काढायला म्हणून इतकी वर्षं लागली. २००५ मध्ये २.६.११ ने ‘अनलॉक्ड आयओसीटीएल’ची वाट दिली. २००८ मध्ये जोनाथन कॉर्बेट यांनी उपकरण उघडणाऱ्या ‘ओपन’मधला लॉक एकेका ड्रायव्हरमध्ये उतरवला. उरलेल्या शेकडो जागा अर्न्ड बर्गमन आणि इतरांनी चिकाटीने वाचून काढल्या. मे २०११ मध्ये २.६.३९ आलं, तेव्हा मोठा लॉक गेलेला होता.

रेस मात्र संपल्या नाहीत. २०१७ मध्ये अलेक्झांडर पोपोव्ह यांनी ‘एन-एचडीएलसी’ ड्रायव्हरमध्ये एक उघड केली. पाठवताना अडकलेला बफर दोन वाटांनी मोकळ्या यादीत जाऊ शकत होता. एकच मेमरी दोनदा सोडली जाई आणि साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होता येई. चूक २००९ पासून तिथे होती.

लॉक माहितीसाठी असतो, कोडसाठी नव्हे. मोठ्या लॉकने कोड अडवला आणि माहितीचा हिशेब कुणी लिहिला नाही. तो पुढच्यांना ओळ न् ओळ वाचून मांडावा लागला. म्हणून माझ्याकडे तपासायला आलेल्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक लॉकच्या वर तो कोणती माहिती राखतो आणि तिला कोण कोण हात लावतं, हे लिहिलेलं नसेल, तर मी तो परत पाठवतो. काम चोख चालत असलं, तरीही.