घाटांतील मोटार आणि तिचें निदान

महाड आणि पोलादपूर हीं दोन गांवें महाराष्ट्रीय वाचकास परकीं नाहींत. रायगड महाडच्या माथ्यावर उभा आहे, प्रतापगड पोलादपुराहून घाट चढतांना डोळ्यांपुढें येतो, उमरठ तानाजीचें स्मरण करून देतें, आणि चवदार तळ्याचें नांव १९२७ पासून साऱ्या हिंदुस्थानाच्या तोंडीं झालें आहे. परंतु या मुलखास आणखी एक इतिहास आहे आणि तो बखरींत सांपडत नाहीं. तो घाटांतल्या वळणावर, बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मोटारीपाशीं घडला. बंद पडलेल्या यंत्रास काय झालें आहे हें ओळखण्याची विद्या कोणाच्या हातीं होती, ती कशी वाढली आणि आज ती कोठें चालली आहे, याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विद्येस येथें एवढें महत्त्व कां आलें, तें भूगोल पाहिल्यावांचून कळणार नाहीं. महाड सावित्रीच्या कांठीं, भरतीचें पाणी जेथवर चढतें त्या भागांत वसलें आहे. पोलादपूर हा तर घाटांचा तिठाच आहे. दक्षिणेस कशेडीचा घाट ओलांडून वाट खेडास जाते, पूर्वेस आंबेनळीचा घाट प्रतापगडाच्या कुशींतून महाबळेश्वरास चढतो, आणि महाडाहून वरंध्याचा घाट भोरकडे निघतो. आंबेनळीच्या वाटेस इंग्रजी अमदानींत सर सीमूर फिट्झजेराल्ड या गव्हर्नराचें नांव मिळालें होतें. १८६७ ते १८७२ हा त्याचा कारभाराचा काळ. म्हणजे हा रस्ता आंखला गेला तेव्हां मोटार जन्मास यावयाची होती. त्याचीं वळणें आणि त्याचा चढ हीं बैलगाडी व घोडा यांच्या बेतानें ठरलेलीं. बैल थकला म्हणजे आपण होऊन थांबतो, आणि त्याचें दुखणें गाडीवानास त्याच्या चालीवरून कळतें. यंत्र मात्र पुष्कळदां मोडेपर्यंत चालत राहतें. त्याचीं लक्षणें ओळखावयास निराळाच कान आणि निराळेंच नाक लागतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं आणि त्यापूर्वींही या भागाचा मुख्य मार्ग पाण्याचा होता. बाणकोटच्या खाडीनें गलबतें व होड्या दासगांव-महाडपर्यंत येत. मोटार आली तरी पाण्याची वाट लगेच ओस पडली नाहीं. १९२७ च्या डिसेंबरांत महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून आगबोटीनें निघाले आणि हरिहरेश्वर व दासगांव या मार्गानें महाडास पोंचले. हा मार्ग निवडण्याचें जें कारण धनंजय कीर यांनीं आपल्या चरित्रग्रंथांत दिलें आहे, तें मननीय आहे. धरमतरच्या मोटारमालकांनीं या मंडळींवर बहिष्कार घातला, तर दासगांवाहून महाडचे पांच मैल पायीं तोडतां यावे, असा तो बेत होता. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही कीं, त्या वेळीं धरमतर-महाड मार्गावर भाड्याच्या मोटारी चालत होत्या. दुसरी अशी कीं, जो वाहनाचा मालक तोच प्रवासाचा धनी होऊन बसला होता. पुढील वर्षीं, १९२८ त, सावित्रीवर दगडी पूल झाला आणि मोटारीचा मार्ग अधिकच रुळला.

त्या काळची मोटार आजच्या वाचकाच्या कल्पनेंत सहजासहजीं येणार नाहीं. फोर्ड कंपनीची ‘टी’ जातीची गाडी १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींहून अधिक संख्येनें बाहेर पडली व जगभर पसरली. तिची पेट्रोलची टांकी पुढच्या बैठकीखालीं असे आणि पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे वाहत जाई. टांकींत पेट्रोल थोडें असलें आणि चढ उभा लागला, कीं इंजिन टांकीहून उंच होई व गाडी बंद पडे. यावरचा उपाय मोठा गमतीचा होता. गाडी फिरवून घ्यावी आणि उलट्या गिअरमध्यें, पाठ पुढें करून, चढ चढावा. गाडी सुरू करावयाची तीही हॅण्डल मारून. हॅण्डल धरतांना आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, असा दंडक होता. कारण इंजिन उलटें उसळलें तर मनगट मोडे. विजेनें इंजिन फिरविण्याची केटरिंगची युक्ति १९१२ मध्यें कॅडिलॅक गाडींत प्रथम आली. तिलाच आपण आज ‘सेल्फ’ म्हणतों. टायर फुटणें ही तर नित्याची बाब असे. वेल्समधील लानेली गांवीं १९०४ मध्यें राखीव चाक निघालें. तेथील स्टेपनी रस्त्यावरून त्याचें नांव पडलें, आणि इंग्लंडांत तें नांव मागें पडलें तरी मराठींत ‘स्टेपनी’ घरचा शब्द होऊन राहिला आहे.

अशा गाडीचा ड्रायव्हर हा केवळ सारथि असून भागत नसे. तो तिचा वैद्यही असावा लागे. त्याच्या हाताखालीं क्लीनर असे. पाणी भरणें, उतारावर चाकाखालीं दगड लावणें, प्लग पुसणें हीं कामें करतां करतां क्लीनरचा ड्रायव्हर होई आणि ड्रायव्हराचा मेस्त्री. ही गुरुपरंपराच होती. मात्र तिला पाटी नव्हती, पुस्तक नव्हतें आणि प्रशस्तिपत्रही नव्हतें. आमच्या सुशिक्षित वर्गानें मोटार विकत घेतली, पण पाना हातीं घेतला नाहीं. हातास तेल लागणें हें कमीपणाचें वाटे. त्यामुळें बंद पडलेल्या मोटारींत बी.ए. झालेला मालक मागें बसून राही आणि अक्षरशत्रु क्लीनर तिचें निदान करी. ज्ञान व प्रतिष्ठा यांची ही फारकत आमच्या समाजाच्या इतर व्यवहारांतही दिसतेच. घाटांत ती विशेष उघडी पडे, इतकेंच.

दुसऱ्या महायुद्धानें या विद्येची कसोटी पाहिली. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि देशांत पुष्कळ बसगाड्यांच्या मागें कोळशाच्या भट्ट्या बसल्या. लांकडी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायु गाळून इंजिनास द्यावयाचा, अशी ती योजना. कोलाबा जिल्ह्याच्या रानांत कोळसा पाडण्याचें काम कातकरी करीत आले होते; त्यांच्या कष्टाचा माल आतां देशभर मोटारी ओढूं लागला. परंतु या वायूवर इंजिनाचा जोर बराच घटे, गाळण्या राखेनें तुंबत, आणि चढाच्या तोंडाशीं गाडी धापा टाकी. रोज सकाळीं भट्टी साफ करून पेटविणें हा ड्रायव्हर-क्लीनरांचा नवा नित्यक्रम झाला.

युद्ध संपलें. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली आणि हळूहळू खासगी मोटारमालकांचे मार्ग सरकारी सेवेकडे आले. प्रवाशाच्या दृष्टीनें ही मोठीच क्रांति होती. पैसा देणारा कोणीही मनुष्य आतां हक्कानें गाडींत बसूं लागला. दुरुस्तीच्या विद्येचेंही स्थलांतर झालें. ती रस्त्याच्या कडेहून आगाराच्या कार्यशाळेंत गेली; तपासणीच्या नोंदी, ठराविक मुदतीची देखभाल आणि कामाची वांटणी आली. कोंकण रेल्वे वीर व करंजाडी येथवरून धांवूं लागेपर्यंत या मुलखाचा सारा भार रस्त्यानेंच वाहिला. त्या काळांत अँबॅसडर, प्रीमियर आणि जीप यांचीं इंजिनें फारशीं बदललीं नाहींत. म्हणूनच चार पाने, एक पक्कड व एक स्क्रूड्रायव्हर एवढ्या सामग्रीवर महामार्गावरील मेस्त्री बहुतेक दुखणीं बरीं करूं शके.

त्या मेस्त्रीची विचारपद्धति नीट पाहिली तर ती शास्त्रीयच होती. पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणांत हवा-पेट्रोल, योग्य क्षणीं ठिणगी आणि पुरेसा दाब. यांपैकीं कोणती नाहीं, हें तो स्वस्त परीक्षेपासून महाग परीक्षेकडे जात ठरवी. सेल्फ फिरत नाहीं? दिवे लावून पाहा. सेल्फ मारतांच ते मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचीं टोकें गंजलीं आहेत. ते प्रखरच राहिले तर दोष सेल्फमध्यें वा त्याच्या जोडणींत आहे. प्लग काढून पाहा. तो तांबूस-तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. काजळीनें काळा असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. तेलकट असेल तर रिंगा झिजल्या आहेत. धुराचीही भाषा आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, निळा म्हणजे तेल जळतें आहे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी सिलिंडरांत शिरतें आहे.

यांत घाट आपली भर घाली. महाबळेश्वर सुमारे १३७२ मीटर उंच. तेथें हवा विरळ म्हणून पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतें, आणि इंजिनाचा जोरही सातवा-आठवा हिस्सा कमी होतो. कार्बुरेटर पायथ्याच्या हवेस जुळविलेला असेल तर वर गेल्यावर गाडी काळा धूर ओकूं लागे. तो रोग नसून स्थलमाहात्म्य असे. वैशाखांत चढावर नळींतल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडे, तेव्हां पंपावर ओलें फडकें ठेवून थोडें थांबणें हाच उपाय होता. रेडिएटर उकळला तर झांकण ताबडतोब उघडूं नये, हें तर अनेकांनीं भाजून घेऊन शिकलेलें सत्य आहे.

परंतु चढ हा फार तर गाडी अडवितो. उतार प्राण घेतो. दहा टनांची बस महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरते तेव्हां ती सुमारे १३०० मीटर खालीं येते. या उतरण्यांत जी शक्ति मोकळी होते, ती सारी उष्णतेंत उतरविली तर सुमारे चारशे लिटर थंड पाणी उकळेल. एवढी उष्णता एकट्या ब्रेकांवर टाकली तर ते तापून निसटूं लागतात, आणि ब्रेकचें तेल उकळलें तर पेडल पायाखालीं पोकळ लागतें. म्हणून ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. थोडें डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रल करून सोडणारा मनुष्य इंजिनाचा आवर हातानें फेंकून देतो. जळकट वास, पोकळ पेडल, एका बाजूस ओढणारें स्टिअरिंग हीं लक्षणें ओळखून गाडी थांबविणें हें मेस्त्रीचें नव्हे, प्रत्येक चालकाचें काम आहे. २८ जुलै १९१८ नव्हे, आपल्याच डोळ्यांदेखत, २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीच्या दरींत कोसळली आणि एक जण सोडून सारे गेले. त्या दुर्घटनेच्या कारणांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. पण हा घाट अद्याप मनुष्याची परीक्षा घेतो, हें तिनें सर्वांस दाखविलें.

रस्त्याचीही प्रकृति असते, हें या मुलखानें मोठी किंमत देऊन जाणलें. १९२८ चा तो दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीच्या पुरांत वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या व इतर वाहनें गेलीं. पुढें २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पुरानें बुडालें, आणि त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड आली. अशा पुरांत बुडालेल्या गाडीविषयीं एक नियम प्रत्येक घरांत माहीत असावा: पाणी ओसरल्यावर ती सुरू करून पाहूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वांकतो आणि थोडक्यांत सुटणारें इंजिन कायमचें निकामी होतें. आधीं बॅटरी सोडवावी, मग गाडी ओढून न्यावी. येथें कांहीं न करणें हीच पहिली दुरुस्ती.

आतां काळ पुन्हां बदलला आहे. कार्बुरेटर गेला, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निर्बंध आले, इंजिनाचा कारभार संगणक पाहतो आणि दोष सांपडला कीं दिवा लावून सांकेतिक अंक नोंदवितो. तळहाताएवढ्या यंत्रानें ते अंक कोणासही वाचतां येतात. यावरून निदानाची विद्या संपली, असें कित्येकांस वाटतें. तें खरें नव्हे. ‘पी ०१७१’ हा अंक एवढेंच सांगतो कीं, हवेच्या मानानें इंधन कमी पडत आहे. नळी फुटून बाहेरची हवा शिरते, कीं पंप दुबळा झाला, कीं हवा मोजणारा भाग मळला, हें त्यांत लिहिलेलें नसतें. नाडी यंत्रानें मोजली म्हणून वैद्य अनावश्यक होत नाहीं. अंक हें लक्षण आहे. कारण अजून मनुष्यानेंच शोधावयाचें आहे.

भीति आहे ती निराळीच. अंकावर भाग बदलण्याची संवय जडली कीं पाहणें, ऐकणें आणि एकेक शंका क्रमानें दूर करणें ही शिस्तच लोपते. ब्रेक व स्टिअरिंग घरीं उघडूं नयेत. तें जाणत्याचेंच काम. परंतु टायरची हवा, तेल-पाण्याची पातळी, बॅटरीचीं टोकें, फ्यूज, स्टेपनी बदलणें, एवढें ज्यास येतें तो मनुष्य मेस्त्रीपुढें लाचार होत नाहीं, आणि मेस्त्रीच्या ज्ञानाची खरी किंमतही त्यालाच कळते. घाटांतल्या त्या अनाम क्लीनरांनीं जी विद्या पिढ्यानपिढ्या जपली, तिचा वारसा आमच्या शिकलेल्या मुलामुलींनीं पाना हातीं घेऊन पुढें चालवावा. त्यांत कमीपणा नाहीं, आणि पावसाळ्याच्या रात्रीं कशेडीच्या किंवा आंबेनळीच्या वळणावर त्याच विद्येनें घरचीं माणसें सुखरूप घरीं येतात.